मोड देताना काट्याकडे लक्ष असू द्या

मैत्रिणींनो, जुना डाग मोडून नवा करणं आपल्याला नवीन नाही. लेकीचं लग्न, सुनेचं मंगळसूत्र, नाहीतर अडीनडीची गरज; कपाटातल्या डब्यातले दोन डाग निघतात आणि सराफाच्या गादीवर जातात. पण नवा डाग घेताना आपण दहादा घासाघीस करतो, आणि मोड देताना मात्र सराफ सांगेल त्याला मान डोलावतो.

आमच्या वन्सं महाडला असतात. 22 जुलै 2021 च्या पुरात सावित्रीचं पाणी घरात शिरलं. फ्रीज, गाद्या, धान्य, सगळं चिखलात गेलं. वरच्या फळीवरचा डबा तेवढा वाचला. पुढे लेकीचं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंच्या पाटल्या मोडायच्या ठरल्या. मीही पोलादपूरहून सोबतीला गेले. कुठलं दुकान ते विचारू नका. पाटल्या आत नेऊन आटवल्या, लगड काट्यावर ठेवली, भरली 20 ग्रॅम. ‘‘दोन तोळे म्हणजे वीस ग्रॅम, बरोबर आहे,’’ असं आम्हीच म्हणालो! वर दहा टक्के घट कापली. हिशेब झाला 18 ग्रॅमचा.

घरी आल्यावर डब्यात जुनी चिठ्ठी सापडली. दोन तोळे खरेच, पण जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. म्हणजे पाटल्या सव्वातेवीस ग्रॅमच्या वर होत्या. थोडी झीज धरली, डाख धरला, तरी बाकीचं सोनं गेलं कुठे? आटवण्याआधी वजनच केलं नव्हतं. आता भांडायचं कशाच्या जोरावर?

मग मी चार ठिकाणी चौकशी केली. त्यातून कळलं ते सांगते.

पहिली गोष्ट, घरून निघण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या दुकानी वजन करून लिहून घ्या. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे ना, तेही पाहा. खडे, लाख, मणी, दोरा यांचं वजन मोडीच्या वेळी कापतात. ते योग्यच आहे. पण मग नवा डाग घेताना खड्यांचं वजन सोन्याच्या भावानं देऊ नका.

दुसरी गोष्ट घटीची. बावीस कॅरटच्या 20 ग्रॅम सोन्यात शुद्ध सोनं असतं 18.32 ग्रॅम. सराफानं एकतर 20 ग्रॅमला बावीस कॅरटचा भाव द्यावा, नाहीतर 18.32 ग्रॅमला चोवीस कॅरटचा. घटही कापली आणि भावही बावीसचाच लावला, तर तुमचं दीड ग्रॅम शुद्ध सोनं सराफाच्या खिशात गेलं समजा!

तिसरी गोष्ट, ‘घडणावळ माफ’ या पाटीला भुलू नका. माफ केलेली घडणावळ मोडीच्या भावातून वसूल होऊ शकते. मोडीचा भाव आधी विचारा, नवा डाग नंतर पाहा.

कस मशिनवर तुमच्यासमोर लावून घ्या. आटवणं, कापणं जे काही ते डोळ्यांदेखत. मूळ वजन, निव्वळ वजन, कस, भाव आणि कपात हे सारं पावतीवर हवं; कोऱ्या चिटोऱ्यावरचा हिशेब नको.

नव्या डागावर हॉलमार्क बघा: बीआयएसचं चिन्ह, बावीस कॅरटसाठी 22के916 आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. हॉलमार्कच्या दागिन्यांवर हा क्रमांक 1 एप्रिल 2023 पासून सक्तीचा आहे. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तो घालून पाहता येतो. मुलांना सांगा, ती मिनिटात दाखवतील. हॉलमार्क असूनही कस कमी निघाला, तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद आहे. फसगत झालीच तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, नाहीतर अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पावती मात्र हवी.

‘‘वहिनी, आमच्यावर विश्वास नाही का?’’ असं शेटजी म्हणतीलच. हसून सांगावं, ‘‘आहे ना, म्हणून तर तुमच्याकडे आले. पण वजन माझ्यासमोर करा.’’