न्यूयॉर्कचा नाताळ, घाटकोपरची दिवाळी

२०२५ च्या दिवाळीत आमच्या शेजारच्या वहिनींकडे घरचे अनारसे झाले. तुम्ही म्हणाल, यात लिहिण्यासारखं काय आहे? पण मैत्रिणींनो, गेली वीसएक वर्षं दिवाळीच्या आधीच्या महिन्यात वहिनी रात्री साडेआठ-नऊच्या आत कधी घरी आलेल्या नाहीत. फराळ विकतचा यायचा, आणि त्याचं कुणाला वाईटही वाटायचं नाही, कारण ओव्हरटाइमचे पैसे हातात असायचे. या खेपेला साडेपाचला घरी! तांदूळ तीन दिवस भिजवायला, कुटायला, पीठ मुरवायला भरपूर सवड. अनारसे सुरेख जाळीदार झाले. वहिनींनी स्वतः मात्र एकही तोंडात टाकला नाही.

वहिनी राहतात घाटकोपरला, असल्फाला. काम करतात अंधेरी पूर्वेला, सीप्झमधल्या एका दागिन्यांच्या कारखान्यात, मेणाच्या विभागात. सोन्याच्या कारखान्यात मेण कशाला, असं मीही विचारलं होतं. त्याचं असं आहे, की अमेरिकेच्या दुकानात जाणारी अंगठी आधी मेणाची होते. रबराच्या साच्यात गरम मेण सोडायचं, निघालेली अंगठी सुईने साफ करायची, भिंगाखाली धरून त्यात बारीक हिरे बसवायचे. मग अशा पुष्कळ अंगठ्या एका दांड्याला चिकटवतात. त्याला म्हणतात झाड. हे झाड प्लास्टरसारख्या लेपात बुडवून भट्टीत ठेवलं की मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत सोनं ओततात. मेणावर नखाचा ओरखडा राहिला तर तोच सोन्यात उतरतो. म्हणून हलका हात हवा, आणि म्हणून त्या विभागात बायका पुष्कळ. सोनंही आपल्यासारखं बावीस कॅरटचं नव्हे. तिकडे चौदा कॅरट चालतं, दहासुद्धा. चौदा कॅरटमध्ये शंभरातले साडेअठ्ठावन्न भागच सोनं! आपल्या सासूबाईंनी ते हातात तरी धरलं असतं का?

हात धुतलेलं पाणीसुद्धा गाळून त्यातला कण काढून घेतात. गेटवरच्या तपासणीत कटकट नको म्हणून वहिनी कामावर जाताना नुसती काळी पोत घालतात.

सीप्झचं नाव सांताक्रूझचं आणि पत्ता अंधेरीचा. सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन हे त्याचं मूळचं लांबलचक नाव. कांडल्याला १९६५ मध्ये असा पहिला झोन झाला, त्यानंतर १९७३ मध्ये हा. कल्पना सरळ होती. कुंपणाच्या आत कच्चा माल परदेशातून विनाजकात आणायचा, आपल्या माणसांनी तो घडवायचा आणि पुन्हा परदेशी पाठवायचा. विमानतळ जवळच. सुरुवातीला फक्त इलेक्ट्रॉनिक्सचा माल होई, ऐंशीच्या दशकात दागिन्यांनाही परवानगी मिळाली. २००० साली तो विशेष आर्थिक क्षेत्र झाला. आता तर भुयारी मेट्रोचं स्टेशनच त्या नावाचं आहे. घाटकोपरहून मेट्रोने मरोळ नाक्याला यायचं आणि गाडी बदलायची. वहिनी अजून बसनेच जातात. दोन तिकिटांचा हिशेब त्यांना परवडत नाही.

जागतिकीकरण हा शब्द आपण भाषणांतून इतका ऐकला आहे, की तो कानावरून घसरून जातो. वहिनींच्या घरात तो कॅलेंडरच्या रूपाने आहे. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत धावपळ, कारण अमेरिकेत नाताळची विक्री. थोडी उसंत मिळते न मिळते तोच व्हॅलेंटाइन डेचा माल. मग मे महिन्यातल्या मदर्स डेसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये घाई, नेमकी मुलांच्या परीक्षांच्या वेळी. कुठल्याशा आईला मुलाने द्यायच्या लॉकेटसाठी इथल्या आईने मुलाचा अभ्यास शेजारणीवर सोपवायचा. (ती शेजारीण मीच. भूमिती मला तेव्हाही येत नव्हती.)

२००८ साली अमेरिकेतल्या बँका कोसळल्या तेव्हा या कॅलेंडराला पहिला मोठा धक्का बसला. २०२० मध्ये टाळेबंदी आली. पण २०२५ चा प्रकार वेगळाच. एप्रिलमध्ये अमेरिकेने जादा जकातीची घोषणा केली, ७ ऑगस्टपासून भारतीय मालावर २५ टक्के लागली आणि २७ ऑगस्टपासून ती ५० टक्के झाली. त्याआधी माल पोचवावा म्हणून जुलैत रविवारीसुद्धा काम, आणि ऑगस्टनंतर विभागात चिडीचूप.

हिशेब आपल्या किराणा यादीइतकाच सोपा आहे. २०२५ च्या त्या जकातीत दहा हजारांची अंगठी अमेरिकेच्या बंदरावर उतरली की वर पाच हजार जकात पडायची. गिऱ्हाईक एवढे जास्त देणार नाही. तिकडचा व्यापारी म्हणणार, तुम्ही भाव पाडा. पण सोन्याचा आणि हिऱ्याचा भाव इथल्या मालकाच्या हातात नाही. २०२५ मध्येच मुंबईत दहा ग्रॅम सोनं लाखाच्या पुढे गेलं होतं. मालकाच्या हातात असते ती फक्त मजुरी. त्याच वेळी दुबईहून गेलेल्या मालावर अमेरिकेत १० टक्के आणि थायलंडच्या मालावर १९ टक्के जकात होती. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने यंत्रं तिकडे न्यायचा विचार केला तर त्याला नावं तरी कशी ठेवावी? वहिनींनी मात्र असल्फाची खोली, शाळा आणि आजारी सासरे कुठल्या विमानात बसवायचे?

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. धंदा जगभर पसरलेला, आणि आपल्या बायकांना स्वतःच्या नोकरीचे साधे कागद ठाऊक नसतात. नेमणूकपत्र कुठे आहे? ‘साहेबांकडे असेल.’ पगाराची स्लिप? ‘फोनवर येते, वाचत नाही.’ अहो, काम कमी झालं म्हणून घरी बसवलं, तर ५० किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यात वर्षभर नोकरी झालेल्या कायम कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्म्याइतकी रक्कम देण्याची कायद्यात तरतूद आहे. बदली कामगाराला ती नाही. म्हणून तुम्ही कायम आहात, बदली आहात की कंत्राटदाराच्या, हे कामाची टंचाई यायच्या आधीच विचारून ठेवा. पाच वर्षं सलग नोकरी झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो, दर वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराप्रमाणे. प्रॉव्हिडंट फंडात पैसे खरोखर भरले जातात का, ते पासबुकात दिसतं. राज्य विमा योजनेचं कार्ड मुलाबाळांसाठीही चालतं. त्यावर घरातल्या सगळ्यांची नावं आहेत ना, ते पाहा. आणि राजीनाम्याच्या कागदावर घाईत सही करू नका. ‘नंतर परत बोलावू’ असं तोंडी सांगितलेलं कुठेच लिहिलेलं नसतं.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मी आणि वहिनी फंडाचा यूएएन नंबर शोधायला बसलो. नंबर मिळाला. त्याला जोडलेला मोबाइल मात्र त्यांच्या धाकट्या दिराचा निघाला, आणि तोही कधीच बंद पडलेला. उरलेल्या अनारशांचा डबा बाजूला सारून आम्ही आधी नंबर बदलायचा अर्ज लिहिला. सोमवारी वहिनी तो घेऊन कामावर गेल्या.