‘हायब्रीड’ म्हणजे नेमके काय?

इस्लापूरच्या बाजारात घटकाभर फिरा. ‘हायब्रीड’ हा इंग्रजी शब्द चार ठिकाणी कानी पडेल, आणि चारही ठिकाणी त्याचा अर्थ निराळा निघेल.

धान्याच्या दुकानात हायब्रीड म्हणजे खरिपाची ज्वारी. १९६४ साली सी.एस.एच.-१ ही संकरित ज्वारी आली आणि विशेषणाचेच पिकाला नाव पडले. तिचा दाणा पावसात सापडला की काळा पडे. त्यामुळे ‘हायब्रीड पिढी’ म्हणजे बिनदमाची, असा टोमणाही रूढ झाला. गोठ्यात हायब्रीड म्हणजे जर्सी-होल्स्टिनच्या संकराची गाय. भाजीबाजारात गावरान नाही ते सगळे हायब्रीड!

मूळ लॅटिन शब्द पाळीव डुकरीण आणि रानडुक्कर यांच्या पिलासाठी होता. म्हणजे अर्थ एकच: दोन निराळ्या मायबापांचे लेकरू. ‘भारी’ किंवा ‘जास्त उताऱ्याचे’ असा अर्थ त्यात नाही.

बियाणे घेताना हा अर्थ विसरलात तर पैसा आणि हंगाम दोन्ही जातात. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने दिलेला एन.एच.एच.-४४ हा कपाशीचा वाण संकरित. अशा वाणाचा जोम पहिल्या पिढीपुरता. त्याचीच सरकी राखून पुढच्या साली लावली, तर एक झाड उंच, एक खुजे, बोंडे लहान-मोठी, असे पीक फुटते. संकरित बीटी कपाशीच्या राखलेल्या सरकीत तर बोंडअळीविरुद्धचा गुणही सगळ्या झाडांत उतरत नाही. म्हणून कपाशीचे बी दरसाल नवे घ्यावे.

सोयाबीनची गोष्ट उलट. आपल्याकडचे वाण सुधारित आहेत, संकरित नाहीत. फूल आपल्याच परागाने फळते, म्हणून घरचे निवडक बी दोन-तीन वर्षे चालते. पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. ७० किंवा अधिक उगवले तर बी पेरणीजोगे समजा.

तेव्हा दुकानदार सोयाबीनची पिशवी ‘हायब्रीड आहे’ म्हणून चढ्या भावाने देऊ लागला, तर शब्दाला भुलू नका. लेबल वाचा, वाणाचे नाव आणि उगवणशक्ती पाहा. प्रमाणित बियाण्याला निळी खूणचिठ्ठी असते. पक्की पावती घ्या आणि ती पिशवीसकट हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा.