मनगटातून केलेल्या अँजिओप्लास्टीनंतर हाताची काळजी

हृदयाच्या अँजिओप्लास्टीसाठी पूर्वी नळी प्रामुख्याने जांघेतील धमनीतून घालीत असत. १९८९ साली मॉन्ट्रियलच्या डॉ. ल्यूसियाँ कॅम्पो यांनी मनगटातून केलेल्या अँजिओग्राफीचा अनुभव प्रसिद्ध केला व १९९२ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या डॉ. फर्डिनांड किमेनेय यांनी याच मार्गाने अँजिओप्लास्टी केली. या मार्गाने रक्तस्राव कमी होतो व रुग्ण लवकर उठून बसतो. तथापि मनगटाची धमनी बारीक असल्याने तिला इजा होण्याचा संभव उरतोच.

क्वचित तारेच्या टोकाने धमनीची एखादी लहान शाखा फाटते व रक्त दंडाकडे साकळत जाते. मनगटावरच्या पट्ट्याने ते थांबत नाही. अहवाल वर्षात एक आजोबा हात ठणकत असूनही ‘डॉक्टरांना कशाला त्रास’ म्हणून रात्रभर गप्प राहिले. पहाटेच्या फेरीत परिचारिकेला हात टणक लागला. सुजेवर दाबपट्टी बांधून व हात उंच ठेवून सूज उतरली. आणखी उशीर झाला असता, तर स्नायूंवरील दाब कमी करण्यासाठी हातास चिरा द्याव्या लागल्या असत्या.

दुसरी गुंतागुंत मूक असते. अंगठ्याकडील धमनी गुठळीने बंद होते. परंतु करंगळीकडील धमनी पंजास रक्त पुरवीत असल्याने रुग्णास बहुधा काहीच जाणवत नाही. मग चिंता कशाची? पुढे याच धमनीची गरज दुसऱ्या अँजिओप्लास्टीसाठी, बायपाससाठी वा डायलिसिससाठी पडू शकते. म्हणून रक्त थांबेल, पण प्रवाह चालू राहील, एवढाच पट्टा आवळावा लागतो. करंगळीकडील धमनी दाबून अंगठ्यावरील ऑक्सिमीटरची लहर पाहिली की प्रवाह चालू आहे की नाही ते कळते. या तपासणीस संस्थेला वेगळा खर्च येत नाही, हे हिशेब पाहणारे म्हणून आम्ही आवर्जून नोंदवितो. धमनी नुकतीच बंद झाली असल्यास रक्त पातळ ठेवणारे औषध देऊन, करंगळीकडील धमनी सुमारे तासभर दाबून ठेवल्यास ती पुष्कळदा पुन्हा उघडते.

घरी गेल्यावर मनगटावर ठोके देणारी गाठ आल्यास सोनोग्राफीखाली दाब देऊन, इंजेक्शनने वा शस्त्रक्रियेने उपचार होतात. गाठ, वाढती सूज, बधिरपणा वा बोटे गार पडणे यांपैकी काहीही दिसल्यास नातेवाइकांनी रुग्णास त्वरित आणावे. अपरात्री आल्याबद्दल येथे कोणी बोल लावणार नाही.