वापरलेल्या लिथियम-आयन बॅटरींमधील मौल्यवान धातूंची रासायनिक पुनर्प्राप्ती

प्रस्तावना :
लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये व्यापारी स्वरूपात बाजारात आली. भ्रमणध्वनी, लॅपटॉप आणि विजेवर चालणारी वाहने यांमुळे तिचा वापर आज सर्वत्र होतो. निकामी झालेली अशी बॅटरी हा घातक कचरा असला, तरी धातूंच्या दृष्टीने ती समृद्ध धातुकाच्या तोडीची आहे. भ्रमणध्वनीच्या बॅटरीत वापरल्या जाणाऱ्या लिथियम कोबाल्ट ऑक्साइडमध्ये वजनाने सुमारे ६० टक्के कोबाल्ट व ७ टक्के लिथियम असते. भारत सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत लिथियम, कोबाल्ट व निकेल या तिन्हींचा समावेश आहे. प्रस्तुत लेखात या धातूंच्या पुनर्प्राप्तीची रासायनिक पद्धत व तिच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

पूर्वप्रक्रिया :
बॅटरीत उरलेला विद्युतभार प्रथम काढून टाकावा लागतो. अन्यथा ती फोडताना आग लागू शकते. तिच्या विद्युत अपघटनीतील लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट ओलाव्याच्या संपर्कात आल्यास विषारी हायड्रोजन फ्लुओराइड तयार होतो. म्हणूनच उघड्यावर बॅटरी फोडणे कामगाराच्या जिवावर बेतू शकते. बॅटरीचे तुकडे करून तांबे, ॲल्युमिनियम व प्लास्टिक वेगळे केल्यावर जी काळी भुकटी उरते, तिच्यात ग्राफाइटसह कॅथोडमधील धातूंची ऑक्साइडे असतात.

अपक्षालन :
या भुकटीवर सामान्यतः सौम्य सल्फ्युरिक आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइड यांची क्रिया घडवितात. भुकटीतील कोबाल्ट त्रिसंयुजी असून तो आम्लात सहज विरघळत नाही. द्विसंयुजी कोबाल्ट मात्र विरघळतो. एरवी ऑक्सिडक म्हणून परिचित असलेला हायड्रोजन पेरॉक्साइड येथे क्षपणकाचे कार्य करतो व ऑक्सिजन वायू मुक्त होतो. कोबाल्ट आणि लिथियम सल्फेटांच्या रूपात द्रावणात येतात. ग्राफाइट न विरघळता मागे राहतो. सल्फ्युरिक आम्लाऐवजी सायट्रिक आम्लासारखी सेंद्रिय आम्लेही प्रयोगशाळेत उपयुक्त ठरली आहेत.

विलगीकरण :
द्रावणाचा सामू वाढविल्यास लोह व ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडांच्या रूपात अवक्षेपित होतात. कोबाल्ट व निकेल यांचे गुणधर्म परस्परांच्या इतके जवळचे आहेत की केवळ अवक्षेपणाने ते नीट वेगळे होत नाहीत. त्यासाठी 'सायानेक्स २७२' सारख्या सेंद्रिय फॉस्फिनिक आम्लाने द्रावक निष्कर्षण करतात; ते कोबाल्टला प्राधान्याने सेंद्रिय थरात ओढून घेते. शेवटी सोडियम कार्बोनेट मिसळून लिथियम कार्बोनेट मिळवितात. तापमान वाढले की लिथियम कार्बोनेटची विद्राव्यता घटते. म्हणून हे अवक्षेपण उष्ण द्रावणात करणे लाभदायक ठरते.

मर्यादा :
भट्टीत वितळविण्याच्या पद्धतीत लिथियम बहुतांशी धातुमळीत जाते. त्या तुलनेत रासायनिक पद्धतीने लिथियमही हाती लागते. परंतु या पद्धतीत सोडियम सल्फेटयुक्त सांडपाणी मोठ्या प्रमाणावर निर्माण होते व त्यावर प्रक्रिया केल्याशिवाय ते सोडता येत नाही. दुसरी अडचण आर्थिक आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत कोबाल्ट वा निकेल नसतो. त्यामुळे तिच्या पुनर्प्रक्रियेतून मिळणारा मोबदला अल्प असतो. धातूंच्या किमतीवरच पुनर्प्रक्रिया अवलंबून ठेवली, तर अशा बॅटरी कचऱ्यातच राहण्याचा धोका आहे.

निष्कर्ष :
२००१ च्या नियमांची जागा घेणाऱ्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ ने वापरलेल्या बॅटरी गोळा करून त्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, धातू वेगळे करण्याचे रसायनशास्त्र पुरेसे विकसित झाले आहे. खरी उणीव संकलनात आहे. घराच्या कपाटात पडून राहिलेली किंवा भंगारात गेलेली बॅटरी अधिकृत केंद्रापर्यंत पोहोचली नाही, तर उत्तम प्रक्रियाही निरुपयोगी ठरते. महाविद्यालयांनी आपल्या परिसरात निकामी बॅटरींचे सुरक्षित व स्वतंत्र संकलन सुरू केल्यास रसायनशास्त्राच्या अध्यापनाला प्रत्यक्षाची जोड मिळेल आणि कचऱ्याचा एक घातक प्रवाह योग्य मार्गाला लागेल.