जांभूळबी 'पास' झाली म्हणजे काय?



गेल्या मोसमात एका घरी पडवीत बसलो होतो. घरच्या वहिनींनी जांभूळबीच्या भुकटीचा डबा पुढे केला. म्हणाल्या, "भाऊसाहेब, ही प्रयोगशाळेत पास झालीय म्हणे. मग साखरेची गोळी बंद केली तर चालंल ना? गुडघ्याची सूजबी उतरंल म्हणतात."

प्रश्न साधा, पण उत्तर चुकले तर जिवावर बेतणारे.

वांगे चिरून ठेवले की काळे पडते, ते हवेतल्या प्राणवायूमुळे. शरीरातही प्राणवायूपासून काही उपद्रवी कण तयार होतात. त्यांना आवरणारी द्रव्ये म्हणजे अँटिऑक्सिडंट. ती तपासण्यासाठी बी वाळवून दळतात, अल्कोहोलात किंवा पाण्यात भिजवून अर्क काढतात आणि डीपीपीएच नावाच्या रसायनाच्या जांभळ्या द्रावात टाकतात. द्राव पिवळा पडू लागला की गुण आहे असे समजायचे. रंग किती उतरला ते यंत्रावर मोजून 'क' जीवनसत्त्वाशी ताडून पाहतात. जांभूळबी तुरट असते. त्या तुरट द्रव्यांमुळेच ती इथे चांगली उतरते. अर्थात आपला रोजचा चहाही या परीक्षेत पास होतो!

सुजेची परीक्षा निराळी. समुद्री शेवाळातून काढलेले कॅरागीनन पांढऱ्या उंदराच्या पंजात टोचतात. काही तासांत पंजा सुजतो. आधी अर्क पाजलेल्या उंदराची सूज कमी भरली तर अर्क गुणकारी मानतात. जांभूळबीच्या अर्काने ती कमी झाल्याचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. पण ती सूज काही तासांची, वहिनींचा गुडघा कित्येक वर्षांचा. शिवाय उंदराला वजनाच्या किलोमागे बहुधा 200 ते 400 मिलिग्रॅम अर्क देतात. तो हिशोब माणसाला जसाच्या तसा लागत नाही, आणि चमचाभर भुकटी म्हणजे अर्क नव्हे.

मी सांगितले, "वहिनी, गोळी सोडू नका. भुकटी घ्यायचीच तर डॉक्टरांच्या कानावर घाला. दोन्ही मिळून साखर फार खाली गेली तर चक्कर येऊन पडाल."

मग डबा उघडला, तर कुबट वास! बी ओलसर असतानाच दळलेली. बुरशीचे विष त्या रंगाच्या परीक्षेत दिसत नाही आणि उकळूनही पुरते जात नाही. बी ठेवायची तर गर स्वच्छ धुवा, दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवा, आणि दळण लागेल तेवढेच करा.

वहिनींनी डबा तिथेच उकिरड्यावर रिकामा केला. गोळीची चिठ्ठी मात्र देवळीतून काढून पदराला बांधली.