भांड्यावरचें नांव

घरांतील फडताळांतलें कोणतेंहि जुनें पितळी भांडें उलटें करून पाहिलें, तर त्यावर टिंबाटिंबांनीं कोरलेलें एखादें नांव बहुधा सांपडतें. तें कोणाच्या लग्नांत आलें, कोणत्या मामांनीं दिलें, साल कोणतें, हें सारें कासारानें ठोकून ठेविलेलें असतें. माणसें जातात, वाटण्या होतात, भांडीं या बिऱ्हाडांतून त्या बिऱ्हाडांत जातात. नांव तेवढें टिकून राहतें. अशाच एका नांव घातलेल्या भांड्याची हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे. तें भांडें मात्र लग्नांतलें नव्हे, लढाईंतलें होतें.

नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस, तेलंगणाच्या सीमेला लागून धर्माबाद हें गांव आहे. मिरचीच्या बाजाराबद्दल त्याची ख्याति असून मोसमांत येणाऱ्या परक्या पाहुण्यास दोन शिंका देऊनच गांवांत शिरावें लागतें. एका आप्तांकडील मुंजीसाठीं आम्ही तेथें गेलों होतों. परत निघण्यापूर्वीं एक समई घ्यावी म्हणून भांड्यांच्या दुकानांत शिरलों, तों कोपऱ्यांतील मोडीच्या ढिगांत एक ठेंगणा, जाड कांठाचा लोटा दिसला. त्याच्या बुडाशीं खिळ्यानें ओरखडलेले पांच इंग्रजी आंकडे होते आणि त्यांखालीं वेड्यावांकड्या बाळबोध अक्षरांत एक नांव होतें. आडनांव नाहीं, बापाचें नांव नाहीं. दुकानदारानें लोटा तागडींत टाकून वजनाचा भाव सांगितला. "घ्यायचा तर घ्या काका, नाहीं तर आठ दिवसांत भट्टींत जाईल," असेंहि तो म्हणाला. समई राहिली आणि लोटा आमच्या पिशवींत आला.

इंग्रजी अमदानींत हिंदी शिपायाच्या सामानांत लोटा असे. पाणी पिण्यापासून हातपाय धुण्यापर्यंत सर्व कामें त्याच्यावरच भागत. परंतु पलटणींतील सामान सारें एकाच सांच्याचें. एका तंबूंतील लोटे, जेवणाचे डबे, पाण्याच्या बाटल्या आणि कांबळीं एकत्र पडलीं कीं आपलें कोणतें व शेजाऱ्याचें कोणतें हें कळण्यास मार्ग नसे. म्हणून शिपाई आपला नंबर घालून ठेवी: कापडी पिशवीवर रंगानें, धातूवर खिळ्यानें किंवा ठशानें. सरकारनें आपल्या मालकीची खूण म्हणून बाणाचें चिन्ह ठोकलेलें असे. त्याच वस्तूवर शिपाई स्वतःचीहि खूण करून ठेवी.

आतां या पांच आंकड्यांवरून माणूस कसा शोधावा? प्रथमदर्शनीं हें सोपें वाटेल. पण त्या काळीं नंबर पलटणवार दिले जात, त्यामुळें एकच नंबर निरनिराळ्या पलटणींतील निरनिराळ्या माणसांना असूं शके. पलटण कळल्यावांचून नंबर मुका. शिवाय धर्माबादेस आणखी एक पेंच आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. येथील माणूस संस्थानाच्या फौजेंत गेला असेल किंवा इंग्रज सरकारच्या पलटणींतहि गेला असेल. हैदराबादचे लान्सर स्वार पहिल्या महायुद्धांत मिसर व पॅलेस्टाइनकडे गेले होते. दिल्लींतील तीन मूर्तींपैकीं एक त्यांचीच आहे. दुसऱ्या महायुद्धांत हैदराबादचें पायदळ डिसेंबर १९४१ मध्यें मलायांतील कोटा बारू येथें होतें. दोन्ही वाटांचे कागद वेगळे, कचेऱ्याहि वेगळ्या.

आमच्या सुदैवानें लोटा कोणी मोडीस दिला हें दुकानदारास आठवत होतें. जवळच्याच एका खेड्यांतील शेतकऱ्याचें तें घर निघालें. ओसरीवर ऐंशी ओलांडलेल्या एक आजी बसल्या होत्या. दृष्टि अधू झालेली. लोटा हातीं देतांच त्यांनीं कांठाखालीं आंगठा फिरविला, एका खळगीवर थांबविला आणि म्हणाल्या, "दादा, हा आमच्या मामंजीचा लोटा हाय. कुठं घावला तुम्हांला?" नातवानें अडगळ काढतांना तो मोडींत घातला होता, हें त्यांस कोणी सांगितलेंच नव्हतें. नातू बिचारा ओशाळला. मग त्यानेंच माळ्यावरील पत्र्याची पेटी खालीं काढली. तींत पेन्शनचें एक जीर्ण पुस्तक होतें. त्यांत तेच पांच आंकडे होते आणि पलटणीचें नांव होतें: पांचवी मराठा लाइट इन्फन्ट्री. मुका नंबर बोलूं लागला.

या पलटणीच्या तुकड्या १९४१ मध्यें एरिट्रियांतील केरनच्या डोंगरांत लढल्या, पुढें इटलींत गेल्या. माणगांव तालुक्यांतील पळसगांवचे नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या खोऱ्यांत ते पडले आणि त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचें नांव कॅसिनो येथील स्मारकावर आहे. सांग्रो नदीकांठच्या युद्धस्मशानांत, ज्यांच्या देहास अग्नि दिला अशा पांचशेंहून अधिक हिंदी सैनिकांचें स्मारक आहे. त्या युद्धांत मृत झालेल्या हिंदी सैनिकांच्या नोंदींत पुष्कळ ठिकाणीं आईबापांचीं नांवें, पत्नीचें नांव, गांव, तालुका व जिल्हा हेंहि लिहिलेलें सांपडतें. शोध करणाऱ्यानें मात्र एक ध्यानांत ठेवावें: इंग्रजी नोंद करणाऱ्यानें कानावर पडलें तसें लिहिलें. आपले पवार तेथें 'पोवार' होतात, जाधव 'जाधाव' होतात. म्हणून एका नांवाचीं चार रूपें तपासावींत.

पहिल्या महायुद्धाची गोष्ट अधिक खिन्न करणारी आहे. कुट-अल-अमाराच्या वेढ्यांत मराठ्यांच्या पलटणी अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं उपासमारीनें टेकीस आलेल्या सैन्यास शरण जावें लागलें. मेसोपोटेमियांत पडलेल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांचें स्मारक बसरा येथें उभारलें गेलें. त्यावर गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलीं. हिंदी शिपायांची मात्र बहुतांशीं पलटणवार संख्या तेवढी लिहिली. या भेदभावाबद्दल युद्धस्मशानांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगानें २०२१ मध्यें जाहीर माफी मागितली. ज्या शिपायाचें नांव सरकारला दगडावर कोरावेंसें वाटलें नाहीं, त्यानें स्वतःच खिळा घेऊन तें आपल्या लोट्यावर कोरलें असेल, तर तो लोटा मोडीच्या भावाचा कसा समजावा?

म्हणून वाचकांस चार व्यावहारिक गोष्टी सुचवितों. आपल्या घराण्यांतील कोणी पलटणींत कारकून, कोणी लष्करी दवाखान्यांत डॉक्टर म्हणून गेलेले असतील. त्यांच्या वस्तु चिंचेनें किंवा राखेनें घासूं नयेत; उथळ ओरखडे पहिल्याच घासणींत जातात. कागद ठेवून वरून पेन्सिल हलकेच फिरविल्यास अस्पष्ट अक्षरेंहि उमटतात. पहिल्या महायुद्धाचें गोल पदक असल्यास त्याची कड पाहावी. तेथें नंबर, हुद्दा, नांव व पलटण कोरलेली असते. तेंच पदक चांदीचें नसून कांशाचें असेल, तर तें बहुधा मजूर तुकडींतील माणसाचें. तेंहि तितक्याच आदरानें जपावें. एका माणसाच्या वस्तु वाटणींत वेगळ्या करूं नयेत. लोट्याचा नंबर पेन्शनच्या पुस्तकानेंच पटतो. नांव असलेल्या वस्तूस बाजारांत अधिक दाम येतो म्हणून जुन्या वस्तूंवर नवीं नांवें घालणारेहि असतात. विकत घेणाऱ्यानें सावध असावें. काडतूस किंवा हत्यार सांपडल्यास हात न लावतां पोलिसांस कळवावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, घरांतील वृद्ध माणसांस आजच विचारून, कोणी कधीं काय सांगितलें तें तारखेसह लिहून ठेवावें. त्या आजी नसत्या, तर तो लोटा कोणाचा हें पेटींतील पुस्तकासहि सांगतां आलें नसतें. कारण पेटी उघडण्याचें कारणच कोणास उरलें नसतें.

लोटा अर्थातच आम्हीं त्या घरीं ठेविला. मोडीचे पैसे नातू देऊं लागला, ते घेतले नाहींत. बुडावरचे आंकडे काय आहेत असें आजींनीं विचारलें. इतकीं वर्षें तो लोटा त्यांनीं हाताळला होता. पण तें कसलेंसें वजन असावें अशी त्यांची समजूत होती. तो तुमच्या सासऱ्यांचा पलटणींतला नंबर, असें सांगतांच त्यांनीं नातवाकडून ते आंकडे एकेक करून मोठ्यानें वाचवून घेतले, दोन वेळां. मग लोटा स्वच्छ धुवून, रांजणांतील पाण्यानें भरून त्यांनीं आमच्यापुढें ठेविला. पाणी थंड होतें.

दिवाळीच्या सफाईंत आपल्याकडे माळ्यावरचीं भांडीं खालीं निघतात. मोडीवाल्यास हांक मारण्यापूर्वीं एकदां तीं उलटीं करून पाहावींत, एवढीच वाचकांस विनंति.