अवकाशात भोवरा का पडत नाही?

दोरी गुंडाळून जमिनीवर सोडलेला भोवरा आधी ताठ उभा राहतो, मग डुलू लागतो आणि अखेर आडवा होतो. अवकाशात त्याचे काय होईल? हा प्रश्न १९८५ साली अमेरिकेतील शाळकरी मुलांपुढे ठेवण्यात आला. त्या वर्षी एप्रिलमध्ये ‘डिस्कव्हरी’ यानातून भोवरा, जायरोस्कोप, यो-यो अशी ११ खेळणी अवकाशात नेण्यात आली. मुलांनी तशीच खेळणी वर्गात फिरवायची, अंदाज बांधायचा आणि अंतराळवीरांच्या चित्रफितीशी तो ताडून पाहायचा, अशी ही योजना होती.

कक्षेत गुरुत्वाकर्षण नाहीसे होते, हा समज चुकीचा आहे. ४०० किलोमीटर उंचीवरही ते भूपृष्ठाच्या तुलनेत सुमारे ८९ टक्के असते. मात्र यान व त्यातील वस्तू पृथ्वीभोवती एकत्रच ‘पडत’ असल्याने वजन जाणवत नाही. हेच सूक्ष्मगुरुत्व.

जमिनीवर कललेल्या भोवऱ्याला वजन खाली ओढते, तर जमीन त्याच्या टोकाला वर रेटते. या ओढाताणीने त्याचा अक्ष डुलतो आणि टोकाशी होणारे घर्षण वेग कमी करते. तरंगणाऱ्या भोवऱ्यावर असा ताण नसतो. त्यामुळे त्याचा अक्ष एकाच दिशेला रोखलेला राहतो. केवळ हवेच्या विरोधाने तो हळूहळू मंदावतो.

प्रत्येक वस्तू मात्र अशी शिस्तीत फिरत नाही. १९८५ मध्येच सोव्हिएत अंतराळवीर व्लादिमीर जानिबेकोव्ह यांना ‘सॅल्युत ७’ स्थानकात फिरत तरंगणारा दोन पंखांचा नट ठरावीक अंतराने उलटापालटा होताना दिसला. वस्तूच्या तीन मुख्य अक्षांपैकी मधल्या अक्षाभोवतीचे भ्रमण अस्थिर असते, हे त्याचे कारण. जाड पुस्तकाला रबर बँड लावून, त्याच्या रुंदीला समांतर अक्षाभोवती गिरकी देत वर उडवले, की घरीही याचा पडताळा येतो. पृथ्वीवर त्यासाठी जेमतेम सेकंदभर मिळतो. कक्षेत हाच खेळ कितीतरी वेळ न्याहाळता येतो.

हा केवळ खेळ नव्हे. ३१ जानेवारी १९५८ रोजी सोडलेला ‘एक्स्प्लोरर १’ हा लांबट उपग्रह लांबीच्या अक्षाभोवती फिरत राहील, अशी शास्त्रज्ञांची अपेक्षा होती. ताठ वस्तूसाठी हा अक्ष स्थिर असतो. परंतु उपग्रहाच्या लवचीक अँटेनांच्या हेलकाव्यांत ऊर्जा खर्च झाली आणि काही तासांतच तो आडव्या गिरक्या घेऊ लागला. वर्गातल्या भोवऱ्यामागचे नियम अवकाशातही बदलत नाहीत. बदलतात त्या केवळ भोवतालच्या अटी.